विहीणबाई, काच ऐका

हॅलो?… हॅलो, ज्ञानू? हां, आईच बोलतेय. येतोय का आवाज? स्पीकरवर टाकलाय, हात बरबटल्यात माझे…

सैपाक न्हाई गं! गाडीचं दार उघडलंय… अगं, तसं न्हाई, आतनं उघडलंय. ते आतलं प्लास्टिकचं झाकन असतं ना, ते काढून वट्यावर ठेवलंय.

व्हय, आपलीच लाल गाडी. दुसरी कुठनं आनू?

ऐक… अगं ऐक ना… आधी ऐकून तर घे! उद्या सकाळी तुला आनायला आमी निघनारच हाय. सातवा लागलाय, डॉक्टरनी प्रवासाला हो म्हनलंय, मग आता कशाला थांबायचं? पहिलं बाळंतपन माहेरी असतं…

काय?… कोन म्हनलं?… सासूबाई?… संगमनेरलाच करू म्हनत्यात? का पन?

काचंमुळं.

न्हाई न्हाई, रागावले न्हाई मी. बरोबरच हाय त्यांचं. डोहाळजेवनाला आल्या तवा त्या खिडकीपाशीच बसल्या हुत्या. काच अर्ध्यात अडकली आन् असा काय आवाज… गावात शिरताना कुत्री लागली मागं! "ही गाडी हाय का पिठाची गिरन?" म्हनल्या. हसतीस काय? धरनीनं पोटात घ्यावं असं झालं हुतं मला.

आन् वारा लागला न्हाई की तुला मळमळतं, ते मला काय म्हाईत न्हाई? एसी तर तू कॉलेजात हुतीस तवाच मेला.

भाड्याची नको. मागं त्या भाड्याच्या गाडीत काय झालं हुतं? हां, ती वासाची बाटली लावल्याली… नगर येईस्तवर जीव नकोसा झाला हुता तुला…

अहो! काच धरा नीट! सोडू नका… ज्ञानू हाय फोनवर. बोला मागनं, आधी काच धरा!… तुझे पप्पा गं. काच धरून हुबं केल्यात त्यांना.

गॅरेजवाल्याला दाखवली ना. म्हनला, समदं मशीन बदलावं लागंल, नगरवरनं सामान येईल, आठ दिस थांबा. म्हनलं, थांबतंय कोन! शिलाईचं मशीन न्हाई का आपन उघडत, झाडत, पुसत? मोबाईलवर बघितलं आन् बसले पाना घिऊन… न्हाई गं, करंट कसला बसतोय, बॅटरीची वायर काढून ठिवलीय.

आन् आत काय निघालं सांगू? तेल! शेंगदान्याचं! घान्यावरनं आनल्यालं! काच कुरकुरती म्हनून तुझ्या पप्पांनी वरनं फटीत वतलं, मला न सांगता. मी आपली म्हनते, बरनी येवढी सरली कशी… अहो, आता मान खाली घालून काय उपेग? त्या तेलावर बसली धूळ. उसाचे ट्रॅक्टर दिसभर दारावरनं जात्यात, धुळीला काय तोटा हाय व्हय? नुसता राडा झालाय आत.

थांब हां… तळाला अजून काय तरी हाय. खडे हायेत वाटतं… ब्रशनं काढते… थांब…

अगं…

ज्ञानू…

अक्षता हायेत गं.

तांदूळ! तेलानं काळे पडल्यात, पन मधी मधी अजून कुंकू दिसतंय… कुठल्या म्हंजे? तुझ्याच लग्नातल्या! पाठवनीला तू ह्याच खिडकीत बसली हुतीस. काच खाली. माझा हात धरल्याला सोडंना तू… आन् आक्काबाई आत्यानं उरल्यालं समदं ताट तुझ्या डोक्यावर वतलं! व्हय, तवाच! तुझ्या डोक्यावर थोडं आन् फटीतच जास्त. म्हनून तर लग्नापसनं ही काच कुरकुरायला लागली. आमी आपलं म्हनत हुतो, गाडी म्हातारी झाली.

न्हाई गं, रडत न्हाई… रडतेय थोडी. मग काय करू? लई आठवन येती तुझी. ह्या खिडकीत कुनीबी बसलं तरी मला तूच दिसतीस. बाळ सुखरूप तर कुठंबी हुं दे, माझं काय म्हननं न्हाई. पन माझ्या हातानं तुला न्हाऊ घालावं, शेक द्यावा, येवढंच वाटतं गं. डिंक आनून ठिवलाय. दुपटी शिवून झाली. त्या पिवळ्या साडीची शिवल्यात, मऊ हुती ना ती…

बरं बरं, तू नको रडू. त्यो आतला ऐकत असंल, म्हनंल कसली आजी हाय ही.

हां, थांब. पुसून झालं. अहो, त्यो फवारा आना… रबराला तेल चालत न्हाई गं, हा येगळाच असतो. मघाशी केडगावला धाडलं हुतं त्यांना त्याच्यासाठी, तेल वतल्याची शिक्षा! मारा… वरनं खाली… बास, बास! आन् ग्रीस त्या लोखंडी पट्टीला. रबराला न्हाई हो!… हां. लावा आता वायर. चावी द्या.

ज्ञानू, सासूबाई हायेत का जवळ? दे त्यांना… दे गं! भांडत न्हाई मी…

नमस्कार विहीणबाई! हो, सगळे बरे… तुमचा गुडघा काय म्हणतो?… हो, सांगितलं तिनं मला. तुमचं काळजीपोटीच आहे, मी मनाला लावून नाही घेतलं. फक्त एक करा. फोन कानाला घट्ट लावा. लावलाय?… मी पण फोन दारापाशी धरलाय. आता काच ऐका… हो, काचच! गिरण म्हणाला होता ना तुम्ही, तीच. अहो, दाबा बटन!

…

…

हॅलो? आहे, आहे, इथंच आहे मी…

न्हाई हो, फोन कुठं कट झालाय?… रेंज चांगली आहे की… काय ऐकू येत न्हाई म्हणता? बरं, परत ऐका. अहो, परत दाबा! पार खाली… आता पार वर…

…

आता?… कायच न्हाई?… अजिबात न्हाई?

अहो विहीणबाई, मग त्येच तर ऐकवायचं हुतं तुमाला!

…हसा, हसा! त्या दिवशी मी हसले नव्हते, आज मीबी हसते… काय बिघडलं हुतं? तुमच्या सूनबाईच्या अक्षता अडकल्या हुत्या आत. खरंच सांगतेय! उद्या आल्यावर दाखवते, पुडीत बांधून ठिवल्यात…

काय म्हनलात?… बॅग भरायला घेता?… तिची ना?

…हो… हो… खिडकीतच बसवते. काच पूर्ण खाली करून. सावकाश आनू, रस्त्यात थांबत थांबत… अहो, ऐकलंत का? येतेय पोर! धाडत्यात!… ज्ञानूचे पप्पा बघा आता, नुसतेच बटन दाबत बसल्यात.

आन् विहीणबाई, तुमाला शब्द देते. बाळ घिऊन परत सोडायला यिऊ ना, तवा आक्काबाई आत्या ताट घिऊन गाडीजवळ दिसल्या, की मी आधी काच वर करनार… ठेवते हां. ज्ञानूला म्हनावं, सकाळी जेवू नको पोटभर… ठेवते!