शेपटाकडची चावी

मंडळी, देवाच्या दारात आज एक सरळ प्रश्न विचारतो. माणूस मुळात चांगला, की मुळात वाईट? बोला! — अहो काकू, शेजारणीकडे बघून उत्तर देऊ नका!

हसलात. पण या एका प्रश्नावर राज्यं उभी राहिली नि बुडाली. सातासमुद्रापलीकडे तीन पंडित होऊन गेले. त्यांची नावं घेत नाही; माझी जीभ अडखळते आणि आमचे पेटीवाले गालात हसतात. पहिला म्हणाला, माणूस जात्याच हिंस्र! मोकळा सोडलात तर एकमेकांना फाडेल. म्हणून सगळी सत्ता एकाच्या पायाशी ठेवा आणि त्याला जाब विचारू नका. दुसरा म्हणाला, छे! माणूस जन्मतः निर्मळ. माझं-तुझं आलं आणि नासला. सगळ्यांनी मिळून ठरवा, सगळ्यांनी पाळा. तिसरा म्हणाला, राजा हा विश्वस्त. विश्वास मोडला, की उतरवा खाली!

कोण खरा? ऐका तर.

खानदेशात नदीकाठी एक गाव होतं, चिंचवेल. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाच्या तोंडाशी लोखंडी झडप, कुलूपबंद. त्या कुलपाची चावी कुणाकडे? इथे त्या गावाची रीत बघा! ज्याचं शेत पाटाच्या अगदी शेपटाला, चावी त्याच्याकडे. म्हणजे वरच्या सगळ्यांची रानं भिजली, तरच चावीवाल्याचं भिजणार! पिढ्यान् पिढ्या हेच चाललेलं. तेव्हा चावी होती गोजराबाईकडे. नवरा गेलेला, पोटाशी एक लेक आणि शेपटाचा गव्हाचा तुकडा. तेवढाच आधार.

एका वर्षी नदी आटली. पाटावर भांडणं! कुणी कुणाचा बांध फोडला, कुणाचं डोकं फुटलं. गाव देवळात जमलं.

पाटील कडाडले, "माणसाची जात कुत्र्याची! पाण्यावर दंडुका पाहिजे. एकाच्या हाती द्या आणि कुणी ब्र काढायचा नाही!"

शाळेचे मास्तर म्हणाले, "पाटील, माणूस वाईट नाही हो. कुलूप आहे म्हणून चोर आहे. कुलूपच काढा!"

"तुमच्या वर्गात खडूच्या पेटीला कुलूप का मग?" पाटलांनी विचारलं. देवळात हशा!

शेवटी गोजराबाई उठली. "दादा हो, माणूस कसा ते देवाला ठाऊक. पण घरात पळी जिच्या हाती, ती शेवटी जेवते. म्हणून सगळ्यांना पुरतं. रीत मोडू नका."

"तू म्हणणारच! चावी तुझ्याच कमरेला!" मागून कुणीतरी टोमणा मारला. बाई खाली बसली.

आणि मग गावाला सुचलं — निंबाजी! भजनात वीणा धरणारा, दुसऱ्याच्या झाडाचं पडलेलं बोरसुद्धा न उचलणारा. देवमाणूस! पाटील खूश, मास्तर खूश. फक्त निंबाजीचं शेत होतं पाटाच्या तोंडाला, पहिलंच. कुणी म्हणालं, "अशा माणसाला कसली अट?" गोजराबाईच्या कमरेची चावी सुटली. गावाने भंडारा उचलला नि शपथ घेतली, निंबाजीला कुणी विचारणार नाही.

मंडळी, आता तुम्ही वाट बघताय, हा चोरी कधी करतो! नाही केली. अखेरपर्यंत नाही! सकाळी आंघोळ करून, देवाचं नाव घेऊन तो झडप उघडायचा. आपलं रान भिजलं, की समाधानाने म्हणायचा, "चला, पाणी सुटलं!" आणि झडप बंद करायचा. तेवढ्यात मधल्यांचंही जेमतेम भागायचं. त्याच्या डोळ्यांपुढे सगळं हिरवं. पाणी शेपटाला पोचलं की नाही, हे त्याच्या रानातून दिसतच नव्हतं!

गोजराबाई आली. "निंबाजीभाऊ, माझा गहू करपला."

"वहिनी, मी तर रोज सोडतो."

"एकदा चालत ये ना शेपटापर्यंत."

निंबाजीचे डोळे भरून आले. "वहिनी, माझ्यावर संशय?"

झालं! गाव तुटून पडलं तिच्यावर. "देवमाणसाला रडवलंस! शपथ विसरलीस?" बाई भांडणार कुणाशी? भांडायला समोर चोर लागतो हो!

आधी तिच्या शेजारचे दोघे उठले, वीटभट्टीवर गेले. मग शेपटाची बाकीची घरं. शेवटी गोजराबाईने लेकीचा हात धरला. देवळासमोर थांबली, कळसाला हात जोडले आणि सडकेला लागली. अडवलं नाही कुणी. हातचं काम होतं ना प्रत्येकाला!

हाती देता सत्ता, आधी बांध हात ।
मग घाल देवा, जन्मा माणसांत ॥

पुढे सप्ताह आला. घरोघर आमंत्रण द्यायला निंबाजी निघाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाटाच्या काठाने शेवटपर्यंत चालला. पाट कोरडा. गव्हाच्या जागी भेगा. गोजराबाईच्या दाराला कडी, कडीवर कोळ्याचं जाळं. तो तिथेच मातीत बसला. "विठ्ठला, मी चोर असतो तर बरं होतं रे! कुणीतरी मला पकडलं असतं."

धावत देवळात आला, चावी देवापुढे ठेवली. "घ्या! रीत परत चालू करा. शेपटाकडच्याला द्या!"

गाव एकमेकांकडे बघायला लागलं. शेपटाकडचा कोण? शेपटाला माणूसच उरला नव्हता. चावी तशीच पडून राहिली.

मंडळी, पाटलांनी दंडुका मागितला, मिळाला. मास्तरांनी चांगुलपणा मागितला, तोही मिळाला. आणि तिसरा पंडित म्हणतो, विश्वास मोडला तर उतरवा. खरं आहे! पण विश्वास मोडला हे जिला कळलं होतं, तिला तुम्ही आम्हीच गप्प बसवलं. आता उतरवणार कोण?

माना खाली का घातल्या? मी चिंचवेलची गोष्ट सांगतोय... की नाही सांगत? आपल्या आळीत परवा एका बाईने गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा "अहो, ते फार सज्जन आहेत" असं म्हणून तिला कोणी घरी पाठवलं? नाव घेणार नाही. तिला घरी पाठवणारा इथे पुढच्या रांगेत बसलाय, आणि त्याच्या शेजारची, ती बाई रोज बसायची ती जागा आज रिकामी आहे.

पांडुरंगा, ती बाई अजून गावात आहे रे. तिच्या दारापर्यंत चालत जायची बुद्धी आम्हाला आजच दे.