कच्चे टाके

—नाही हो ताई, कोट हरवलेला नाही, हा काय तुमच्यासमोर – घाला ना, आरशात बघा. काल तुम्हाला हेलपाटा पडला, कबूल. 'उद्या या' म्हटलं मी, कारण कोट दुकानात नव्हताच. कुठे होता? रस्त्यावर. दुसऱ्या कोणाच्या तरी अंगात – थांबा, रागावू नका, आधी हात घाला बाहीत. खालची दुमड बघा. दिसतोय टाका? नाहीच दिसणार. ते मी नाही केलेलं, मला आता सुईचं नेढं दिसेना झालंय. आमच्या चिमणीचं काम ते. तुम्ही पाहिलीय तिला, मागच्या खोलीत मान खाली घालून बसायची ती – चिमणीएवढं खायची म्हणून चिमणी.

तिच्या देशात लढाई. घर गेलं, माणसं गेली, इथे आसरा मागितलाय. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करायचं नाही, असा कायदा. मग खायचं काय? ते नाही कायद्यात. काम करताना सापडली की अर्ज बाद, रवानगी परत. तरी मी ठेवून घेतली. कापडांच्या गठ्ठ्यांमागे गादी घालून दिली, मागच्या दाराची किल्ली तिच्या हाती दिली – सख्ख्या भाचीवर नाही ठेवत कोणी एवढा विश्वास. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, पुण्य लागेल आपल्याला. पुण्य! पगार काय देत होते ते मात्र विचारू नका.

तपासणीवाले आले तर काय करायचं, याची तालीमच केली होती आम्ही. दाराची घंटी वाजली की हातातलं टाकायचं, खुंटीवरचा कोणताही कोट चढवायचा आणि आरशासमोर उभं राहायचं – झालीस तू गिऱ्हाईक! काय हसायचो. ती नाक उडवून म्हणायची, 'मावशी, बाही आखूड केलीत तुम्ही माझी' – तुमचीच नक्कल ती, हो, तुमचीच. छान करायची.

आणि काल खरंच आले दोघे. ही आरशासमोर, अंगात तुमचा कोट – आणि खाली अख्ख्या घेराला पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके! माझा जीव टांगणीला. कच्च्या टाक्यांचा कोट घालून कोणतं गिऱ्हाईक घरी जातं? पण नशीब, त्या दोघांना शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. 'बाईंचं आटपा आधी,' म्हणाले. मी म्हटलं, 'झालं हं बाई, या तुम्ही' – इतका गोड आवाज मी तिच्याशी कधी काढला नव्हता. गेली बिचारी. वाचवलीच की नाही मी तिला? सांगा ना. दुसऱ्या कोणी केलं असतं?

मग त्यांनी मागची गादी पाहिली. म्हटलं, दुपारी पाठ टेकते मी तिथे. गेले. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत पाहत होते मी.

हो, गेले होते ते. म्हणजे... संध्याकाळी ती परत आली तेव्हा रस्त्यात कोणीच नव्हतं. काचेपलीकडे उभी, कोट छातीशी आवळून. थंडी कसली होती काल! तिचा स्वेटर तो बघा, त्या खुंटीवर. आणि मी इथे, हात लांब केला की दार. पण मनात आलं, पुन्हा आले तर? दंड होईल, दुकानाला टाळं लागेल, या वयात कुठे जाऊ मी? आणि मी हसले, ताई. गिऱ्हाइकाकडे बघून हसतो ना आपण, तसं. आणि दारावरची पाटी फिरवली – बंद. तिला वाटलं असेल, तालीम अजून चालू आहे. काचेत बघून कॉलर सारखी केली तिने. मग गेली. ठोठावलं नाही. ठोठावलं असतं तर उघडलं असतं मी. उघडलं असतं ना?

आज सकाळी कोट दाराच्या कडीला, पिशवीत घडी घातलेला. कच्चे टाके काढलेले, दुमड शिवून पुरी. कुठे बसून शिवली असेल? आणि शिवताना अंगावर काय होतं तिच्या? मला आपलं वाटलं होतं, किल्ली आहे तिच्याकडे, माणसं घरी गेली की येईल मागच्या दाराने, निजेल. तेवढ्याच भरवशावर गेले हो मी घरी, नाहीतर मी काय अशी—

काय आहे खिशात? दाखवा बघू.

...आमचीच आहे. मागच्या दाराची.

नाही, लागते की. चांगली लागते कुलपाला. पण नुसतं कुलूप उघडून काय होणार होतं? पुढच्या दाराने घरी जाताना मी त्या दाराला आतून कडी घातली होती.

बटणं लावा ताई, बाहेर गार आहे. पैशांचं राहू द्या. आणि जाताना तेवढी पाटी फिरवा.