मावशींनी ॲग्रीमेंट वाढवलं नाही तेव्हा

अरे, भाड्याचं घर म्हटलं की मला बोरीवलीच्या आमच्या घरमालकीण मावशीच आठवतात. लग्नानंतर आम्ही त्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचो, त्या स्वतः वरच्या मजल्यावर. एके दिवशी म्हणाल्या, "ॲग्रीमेंट संपला की घर रिकामा करा. माझी लेक नवऱ्याक सोडून येता, तिका घर होया."

ऑफिसातल्या मित्राने माझे कान भरले, "बघ, आता पाणी तोडतील." झालं, मी तावातावाने वर गेलो. "मावशी, मुदत संपेपर्यंत तुम्ही आम्हाला काढू शकत नाही. पाणी, लाईट काही तोडायचं नाही. हक्क आहे आमचा!"

"आणि मुदत संपल्यार?"

"मग... जावं लागेल."

"मगे बस हय. बांगडे तळलंय, जेवन जा."

मुदतीपर्यंत एकदाही पाणी गेलं नाही. निघायच्या दिवशी मावशींची लेक खाली आली. मान वर करेना. "तुमचं घर मी घेतलं," म्हणाली.

बायकोने बाहेरून कुलूप लावलं आणि चावी तिच्या हातात दिली. "उघडून बघ. चावी फिरवताना दार जरा स्वतःकडे ओढायचं गं, नाहीतर अडकतं."

तिने ओढलं. दार उघडलं. ते दार दुसऱ्या कुणी उघडलं आणि आम्ही पाहुण्यांसारखे बाहेर उभे, असं पहिल्यांदाच झालं, यार.