लेकीच्या सवतीला शिवलेली गोधडी

माझं माहेर काष्टीचं, सासर हितं बेलापूरला. मालकांचं बाजारात शिलाईचं दुकान, बायकांचे ब्लाऊज शिवतेत, शाळेचे ड्रेस शिवतेत, आन सांजच्याला घरी येताना पिशवीभर कातरण घेऊन येनार, हे माझ्या लग्नापासनं चालू हाय. त्या कातरणीच्या मी गोधड्या शिवायची. तुकडं जोडून फुलं करायची, मंग कडंनं धावदोरा घालत घालत मधी यायचं. आईनं शिकवलं हुतं. लई आवड मला त्येची. पाव्हनं आलं की आधी गोधड्या बघायचं.

आमाला एकच लेक, कविता. राहुरीकडं दिली, जावई शुगर फॅक्टरीत. तिला एक पोरगी झाली, परी. पोरगी नुकती चालाय लागल्ती आन कविताला ताप आला. साधा ताप म्हनले, मंग नगरला नेली, ती नगरहून चालत आलीच न्हाई. मला फोन आला तवा मी भाकरी करत हुते. काय सांगू तुमाला, तव्यावरची भाकरी मी उलटली, भाजली, खाली काढली आन मंग उठले. बाया म्हनायच्या, हिला रडवा गं. मला रडूच येईना. अजून न्हाई आलं.

सुई मी सोडूनच दिली. मालक मातर सवयीनं पिशव्या आनायचे, खाटंखाली ठेवायचे. 

पुढं जावयानं दुसरं लग्न केलं. आमाला इचारूनच केलं. मालक म्हनले, पोरीला आई पायजे, करा. नवी आली तिचं नाव आशा. एक दिवस तिचाच फोन. आई, मी आशा बोलते. मला आई म्हनली. बरं न्हाई वाटलं आन वाईट बी न्हाई वाटलं. म्हनली, मला दिवस गेलेत, सातवा लागलाय, माझी आई मी लहान असतानाच गेली, वहिनीला कसं म्हनू, बाळाला एक गोधडी शिवाल का. मी म्हनलं, बघते.

मालकांनी इचारलं कोन हुतं, मी सांगितलं.  मंग म्हनले, पिशव्या हायेत खाली. बास, एवढंच.

सगळ्या पिशव्या वतल्या. तळाच्या जुन्या पिशवीतनं एक पोपटी तुकडा निघाला, कविताच्या लग्नातल्या ब्लाऊजचा. हातात धरून बसले. घालावा तर दुसरीच्या लेकराच्या अंगावर जानार, न घालावा तर ठेवून तरी काय करू? घातला. मधोमध घातला. वाटलं हुतं आता तरी रडू येईल. टाका सरळ पडत गेला, दुसरं काय न्हाई.

मालकांसंगं जाऊन देऊन आले. आशानं खाटंवर पसरली, त्या तुकड्यावरनं हात फिरवला, म्हनली, आई, ह्यो कशाचा? मी म्हनलं, कविताच्या लग्नातल्या ब्लाऊजचा. मला वाटलं आता घडी घालून परत देती. तर तिनं परीला हाक मारली, ये गं, बघ, ह्ये तुझ्या आईचं. परी म्हनली, आई तर तू हायेस. आशा म्हनली, मी बी हाय, ती बी हुती. आन भिताडाकडं तोंड करून रडाय लागली. मालक उठून भायेर गेले. मी च्या पीत ऱ्हायले. गार झाला हुता.

आता मुलगा झालाय तिला. येतेत आमच्याकडं, ऱ्हातेत चार दिस. बाळ गोधडी वली करतंय, मी धुते, वाळत घालते. शेजारनी म्हनत्यात, तुला सोसतं तरी कसं? सोसायला काय वाटाय तर पायजे ना.

मागच्या बारीला जाताना आशा पाया पडली. मी म्हनलं, लई आयुष्य मिळू दे बाई तुला. तोंडातनं निघालं खरं. मनातनं निघालं का, ते मला सांगता यायचं न्हाई.