सहा कार्यक्रमांचा अहवाल

माहं माहेर नांदुऱ्याचं. बाप धान्याच्या अडतीत हमाल होता, माय तिथंच सांडलेलं धान्य गोळा करून पाखडे. आम्ही तिघी बहिनी, मी मधली, कमल. बाप शिकेल नव्हता, पन अडतीतून जुने पेपर घेऊन ये, चुरगळेल, तेलाचे डाग पडेल, अन् म्हने, कमे, वाच. मी वाचे. आठ-आठ दिवसाची शिळी बातमी, पन बापाले वाटे आजच झालं. कुठं पूल पडला म्हनलं का तो म्हने अरे रे, अन् जेवताना पन तेच काढे. तं काय सांगू तुम्हाले, वाचनाची आवड मले तिथून लागली, शाळेतून नाई लागली.

बारावी झाली अन् लगन झालं, इकडं बुलडाण्याकडच्या धाडच्या बाजूच्या गावात आली. गावाचं नाव नका लिहू, मले अजून इथंच राहाचं आहे. घरचे, म्हंजे माहे मालक, मिस्त्रीकाम करत, आता गुडघे गेले तं घरीच असतात. गावात सार्वजनिक ग्रंथालय होतं, ग्रामपंचायतीच्या मागं एक मोठी खोली अन् पुढं ओटा, सरकारची मान्यता होती, पन ग्रंथपाल काही टिकत नव्हता. ग्रंथालयाच्या मंडळाचे अध्यक्ष, भाऊसाहेब म्हनू आपन त्यायले, ते एक दिवस आमच्या दारात आले अन् सासूले म्हने, सून बारावी आहे तं बसू द्या तिले ग्रंथालयात. सासू म्हने, भाऊसाहेब, बौद्धवाड्यातली बाई तिथं बसली तं लोक येतीन का पुस्तक घ्याले? ते म्हने, न येऊन जातीन कुठी? हे मी विसरत नाई बरं. पुढं जे झालं ते झालं, पन त्या मानसानं मले खुर्ची देली, ते चांगलं होतं तं चांगलंच म्हनावं.

मंग मी ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स केला बुलडाण्याले. माही प्रज्ञा तेव्हा अंगावर पीत होती, तिले घेऊन जीपनं जाऊ, वर्गात ती रडली का मी व्हरांड्यात उभी राहून खिडकीतून सरायचं ऐकू. पुस्तक कसं नोंदवावं, नंबर कसा द्यावा, कोनतं कुठी ठेवावं, सगळं शिकली. गावात आली तं पाह्यलं का बाया काही ओट्यावर चढत नाईत, पुरुष पेपर वाचत बसेल असतात म्हनून लाजतात. तं मी पिशवीत पुस्तकं भरली अन् घरोघर जाऊ लागली. पह्यले चार घरं, मंग चाळीस. आमच्या वस्तीतल्या, मराठ्यायच्या, माळ्यायच्या, मुसलमानायच्या, सगळ्या बाया पुस्तक घेत. एक यमुनाबाई होती, म्हातारी, नवऱ्यानं टाकेल, तिले बारीक अक्षर दिसत नव्हतं तं ती म्हने कमलबाई, मले मोठ्या अक्षराचं आन, गोष्ट कोनतीबी असो.

अन् एक मासिक याचं ग्रंथालयाले, राज्यातल्या ग्रंथालयायच्या बातम्यायचं. कोनत्या जिल्ह्यात काय कार्यक्रम झाला, प्रशिक्षन कुठी आहे, जागा कुठी निघाली. लोक भविष्य पाहातात तसं मी ते पाहू. त्याच्यातच वाचून मलकापूरच्या कार्यशाळेले गेली, तिथं मले उभं केलं अन् म्हने बायायच्या घरी पुस्तक कसं नेता ते सांगा. दीडशे मानसं असतीन. तरी मी बोलली. पुढच्या अंकात चार ओळी छापून आल्या माह्यावर, अन् नाव काय लिहलं, तं श्री. कमल! प्रज्ञा लय हसली. म्हने आई, तू तं सर झाली.

ती प्रज्ञा त्याच खोलीत वाढली बघा. कपाटाच्या खालच्या खनात बसून पाढे पाठ करे. मोठी झाली तं म्हने मी पन हेच शिकीन. आधी डिग्री केली, मंग ग्रंथालयाची डिग्री, मंग त्याच्यावरची पन. अन् जागा निघेपर्यंत माह्यासोबत ग्रंथालयात काम कराले लागली, मंडळानं ठराव करून तिले सहायक म्हनून घेतलं. तीन वर्स केलं तिनं. सगळे पुस्तकं कम्प्युटरवर चढवले, फाटेल पुस्तकं खळ लावून शिवले, स्पर्धा परीक्षेच्या पोरीयले एकेक प्रश्न समजून सांगे. खरं काम केलं हो तिनं. हे मी पुन्हा सांगून राह्यली, खरं काम केलं.

आता त्या खोलीचं ऐका. भाऊसाहेबायचं खतबियान्याचं दुकान. एक वर्स त्यायचं गोदाम गळालं तं म्हने कमलबाई, चार पोते ठेवू द्या, पंधरा दिवस. मी म्हनलं ठेवा. चाराचे चाळीस झाले. मंग तुषार सिंचनाचे पाईप आले, मंग फवारनीचे डबे. पुस्तकायचे कपाट भिंतीले रेटले, खालच्या खनायले वाळवी लागली. खताचा असा वास का पेपर वाचनारे येनं बंद झाले. मी म्हनलं भाऊसाहेब, हे हालवा. ते म्हने हो हो. शेवटी शेवटी तं खोलीले कुलूपच राहे, चाबी त्यायच्या दुकानात, अन् आम्ही मायलेकी ओट्यावर टेबल टाकून बसू, प्रज्ञा कम्प्युटर रोज घरून आने अन् घरी ने.

अन् तेव्हाच राज्यभराच्या भरतीची जाहिरात आली. ग्रंथालयायच्या जागा. कित्येक वर्सानं. मासिकात वाचली अन् मी तिथंच ओट्यावर रडली. अनुभवाचा दाखला लागत होता, ग्रंथालयाच्या अध्यक्षाच्या सहीचा. मी दुकानात गेली. भाऊसाहेब म्हने देतो ना, आपलीच पोर आहे. पन पह्यले तो वार्षिक अहवाल करून टाका. वर्सात सहा कार्यक्रम दाखवावे लागतात, फोटोसगट, नाईतं मान्यता जाईन.

मी म्हनलं भाऊसाहेब, एकबी कार्यक्रम झाला नाई. ते म्हने तुम्ही शिकेल आहा, मी तुम्हाले काय सांगू.

बस, इतकंच बोलले. धमकी नाई, काही नाई. दाखल्याचा कागद काचेखाली ठेवेल होता, टाईप केलेला, प्रज्ञाचं नाव लिहेल, फक्त सही नव्हती. मी तो वाचला उभ्या उभ्या.

प्रज्ञा त्या दिवशी बुलडाण्याले गेलती. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात भाऊसाहेबायच्या दुकानातून सहा बॅनर आले. महिला मेळावा, बालवाचन, ग्रंथप्रदर्शन, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन, असे. फोटोवाला एक. बाया कोनी आनल्या, तं मीच आनल्या, माह्या पिशवीतून पुस्तक घेनाऱ्या. एक बॅनर लावला, फोटो घेतला, तो बॅनर काढला, दुसरा लावला, बायायले म्हनलं पदर बदलून घ्या, इकडं तोंड करा. यमुनाबाई म्हने, कमलबाई, हे काहाचं आहे वो? मी म्हनलं, फोटो आहे. ती म्हने, ते दिसते मले, पन काहाचं? मी फोटोवाल्याले म्हनलं, पुढचा काढ. मंग घरी येऊन अहवाल लिहला. लिहता येत होतं ना मले चांगलं. कोनत्या कार्यक्रमाले किती लोक, कोन काय बोललं, कोनी आभार मानले, सगळं बसून रचलं. खाली सही केली, ग्रंथपाल. दुसऱ्या दिवशी दाखला भेटला. प्रज्ञाले म्हनलं, भाऊसाहेबायनं देला. ती पेढे घेऊन गेली त्यायच्या घरी.

परीक्षा झाली. यादीत तिचं नाव आलं. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. घरचे गुडघे धरून उठले अन् पुऱ्या वस्तीत सांगून आले.

यादी लागली त्याच्या पंधरवड्यातच वरून हुकूम निघाला का राज्यातले सगळे ग्रंथालयं तपासा. तीन मानसं आले, न सांगता. कुलूप उघडाले लावलं. आत पोते. एकानं कपाटातून पुस्तक ओढलं तं पुठ्ठा हातात अन् मधलं सगळं माती. अहवाल त्यायच्याजवळ होताच. समोरून यमुनाबाई चाललती, तिले फोटो दाखवला, म्हने आजी, ह्या मेळाव्याले होत्या का तुम्ही? ती म्हने होती ना, सहाबी मेळाव्याले होती, एकाच दुपारी झाले. तिले काय माहीत. तिनं खरं सांगतलं, तिची काही चूक नाई.

भाऊसाहेब म्हने, मी दुकानदार मानूस, मले ह्यातलं काय समजते, ग्रंथपालबाई शिकेल आहेत, त्यायनं लिहलं. अन् सही माहीच होती. ग्रंथालयाची मान्यता रद्द झाली.

मंग प्रज्ञाले कागदं तपासाले अमरावतीले बोलावलं. मी सोबत गेली, बाहेर बाकड्यावर बसली. आतल्या मॅडम चांगल्या होत्या म्हने, दोनदा फाईल पाह्यली, मंग म्हने, बाळा, ह्या ग्रंथालयाच्या नोंदी खोट्या निघाल्या, तिथला अनुभव मी कसा धरू? पोरगी म्हने, मॅडम, मी खरंच काम केलं. तं त्यायनं अहवाल पुढं ठेवला अन् विचारलं, ही सही कोनाची? माह्या अक्षरावर तं ती लिहाले शिकली होती.

प्रज्ञा बाहेर आली. यादीतून तिचं नाव गेलं. गाडीत खिडकीपाशी बसली, अकोला गेलं, शेगाव गेलं, मी डब्बा काढला तं नको म्हनली. नांदुरा आलं. माहं माहेर. गाडी थांबली अन् ती म्हने, आई, तू मले विचारलं काऊन नाई? मी नको म्हनली असती.

माह्या तोंडाशी आलं का, म्हनूनच नाई विचारलं. पन ते बोलन्याची माही छाती झाली नाई. मलकापूरले उतरलो अन् एसटीत बसलो.

मी नंतर पत्र लिहलं वरच्या ऑफिसले. सहा पानं. का अहवाल मी खोटा लिहला, शिक्षा मले द्या, पन पोरीचं काम खरं आहे, गावातल्या चाळीस बाया सांगतीन. बायायनं सह्या देल्या, यमुनाबाईनं आंगठा देला. उत्तर आलं दोन ओळीचं, आपले पत्र मिळाले, नोंद घेतली. तेव्हा मले राग आला होता. आता वाटते, त्यायनं तरी काय करावं? एकदा खोटं लिहेल मानसाचं दुसरं पत्र कोन खरं धरन?

भाऊसाहेब रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात. मी पन करतो. त्या खोलीत आता उघडउघड त्यायचं गोदाम आहे. पुस्तकं काही शाळेत गेली, काही रद्दीत गेली, मी पाहाले गेली नाई. मी शेडनेटमध्ये मिरचीच्या बियान्याच्या कामाले जातो, सकाळी सातले जीप येते. प्रज्ञा मलकापूरले कापसाच्या व्यापाऱ्याकडं कम्प्युटरवर बसते. भरतीचं वय निघून गेलं तिचं. दर पंधरा दिवसानं येते, बापाच्या गुडघ्याले तेल लावते, माह्याशी बोलते, हसते बी. पुस्तकाचा विषय तेवढा काढत नाई, अन् मी पन नाई काढत.

तुम्ही विचारलं का राग कोनावर आहे, तं कोनावर नाई. त्या यादीत प्रज्ञाच्या खाली कोनाचं तरी नाव होतं. ती जागा त्या पोरीले भेटली असंन. कोनत्या जिल्ह्यात, मले माहीत नाई. पन ती आता रोज सकाळी कुठंतरी खिडक्या उघडत असंन, पेपर मांडत असंन, बाया आत याले लाजत असतीन तं त्यायले या म्हनत असंन. तिचं भलं होवो. लय वर्स काम करो ती.