विमलबाईने काढलेला प्लग

वाशीच्या बसथांब्यावर रंजिता रांगेत उभी होती. तिच्या मागे हार्डवेअरच्या दुकानाचे मालक गोटीराम आणि त्यांच्याकडे नेटवर्कचं काम करणारा मुस्तफा बोलत होते.

“शेठ, झाडूवाल्या विमलबाईला का काढलंत?”

“दुकानातनं तांब्याच्या वायरची बंडलं गेली ना! आनि नेमका तवाच कॅमेरा बंद. तिनंच प्लग काढला.”

“कोण बोललं?”

“तीच बोलली. पोलिसांचं नाव घेतलं, तशी रडत रडत कबूल झाली. धा वर्सं घरच्यासारखी वागवली तिला.”

“शेठ, त्या कॅमेऱ्याला प्लगच नाय.”

“म्हंजे?”

“नेटच्या वायरमधूनच त्याला करंट जातो, मी बसवलेल्या नेटवर्क स्विचच्या डब्यातून. बंद करायचा तर मोबाइलवरून, पासवर्ड टाकून. कोणी केला, कधी केला, सगळं स्विचमध्ये लिहिलेलं राहतं. काल बघितलं मी.”

“कोनी केला?”

“तुमच्या पोराने, कुंदनने. दुपारी दोन दहाला.”

रंजिताची बस आली. ती चढली नाही.

“विमलबाईला फोन लावू, शेठ?”

“थांब जरा. ते लिवलेलं पुसता येतं का?”