कॅनडाच्या बसमधली खिडकी

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या आमच्या गावात, औषधांच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या.

“व्हर्ना, शनिवारी स्वस्त औषधांसाठी कॅनडाची बस आहे. खिडकी तुझी.”

“आता कशाला, ओदील? आपल्या राज्यानं कायदा केला, माझं इन्शुलिन इथेच स्वस्त झालं.”

“बरं झालं बाई. पुरवून पुरवून टोचायचीस, माझा जीव खालीवर व्हायचा.”

“तुझ्या दम्याच्या पंपाचं काय?”

“त्याचा कायदा पुढच्या अधिवेशनात, म्हणतायत. तोवर मी आणि बस.”

“मग खिडकी ठेव माझी.”

“तुला तिथे काय घ्यायचंय आता?”

“त्या दुकानाचा चढ चढताना तुझी पिशवी कोण धरणार?”

“आणि पंपही इथे स्वस्त झाला की?”

“मग कॅनडा बघायला जाऊ. आजवर औषधाचं दुकानच तर पाहिलंय.”